उंदराच्या पोटातली सीमारेषा

मंडळी, आज आपण उंदराच्या पोटात शिरायचं आहे. प्रयोगशाळेत उंदराला औषध देतात आणि मग विचारतात, यकृतात किती पोचलं, मूत्रपिंडात किती? पण त्याआधी यकृत कुठे संपतं ते ठरवायला नको का? वर्षानुवर्षं हे काम माणसं करत आली. पडद्यावर स्कॅनचा एकेक छेद घ्यायचा, माउसने कड गिरवायची, की पुढचा छेद. (उंदराचं काम उंदरानेच करायचं, असं म्हणा ना!)

हे यंत्राकडे सोपवायचा एक मार्ग म्हणजे नकाशा. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ‘डिजिमाउस’ हा एका उंदराचा त्रिमित नकाशा प्रसिद्ध केला. तो ताणून-वाकवून नव्या उंदरावर बसवायचा. हाडांवर बसतोही, पण एकाचं जठर भरलेलं, दुसऱ्याचं रिकामं, तिथे अडतं. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला ‘यू-नेट’ आलं. ते नकाशा बसवत नाही, माणसांनी गिरवलेल्या उदाहरणांवरून शिकतं. त्याच वाटेने २०२० साली म्युनिकच्या गटाने ‘एमॉस’ मांडलं. अख्ख्या उंदराचे मुख्य अवयव सेकंदाच्या आत!

पण बरोबर की चूक, हे कशावरून म्हणायचं? इथे आपल्याला ली डाइस भेटतात. मिशिगनचे प्राणिशास्त्रज्ञ, रानउंदरांचे अभ्यासक. दोन प्रजाती किती वेळा एकत्र आढळतात हे मोजायला १९४५ मध्ये त्यांनी एक गुणोत्तर दिलं: सामाईक भागाची दुप्पट, भागिले दोन्हींची बेरीज. आज यंत्राची आकृती आणि माणसाची आकृती किती जुळतात, ते याच मापाने सांगतात.

माप साधं आहे, पण त्यात एक गोम आहे. दहा बाय दहा चौकटींचा चौकोन एक घर सरकवा, गुण ०.९. दहा लांब, दोन रुंद पट्टी आडवी एक घर सरकवा, गुण एकदम ०.५. चूक तेवढीच! उंदराची प्लीहा अशीच लांबट, चिंचोळी असते. यकृतात खपून जाणारी चूक तिथे गुणांना भोवते.

आणि मोठा प्रश्न पुढेच आहे. ज्याला ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात, ते कुणीतरी हाताने गिरवलेलंच असतं. साध्या सीटीत पोटातले मऊ अवयव जवळजवळ एकाच राखाडी रंगाचे दिसतात, आणि दोन तज्ज्ञांच्या कडा जुळत नाहीत. आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘ढीग कुठे संपतो’ म्हणून शतकानुशतकं भांडलो. हा तोच वाद, फक्त इथे त्यावर आकडे निघतात. म्युनिकच्या गटाने हे लपवलं नाही, हे आम्हाला विशेष वाटतं. यंत्र तपासायचं तर स्वतंत्रपणे गिरवलेल्या निदान दोन आकृत्या हव्यात, असं त्यांनी दाखवलं. शिवाय माणसांचं कुठे पटणार नाही, त्या जागाही त्यांचं यंत्र दाखवतं.

समजा, कर्करोगाची एक बारीक गाठ नेमकी त्या वादाच्या पट्ट्यात सापडली. ती यकृतातली म्हणून मोजायची की बाहेरची?