पिंपळावरचे शेजारी

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत हल्ली एक कप्पा हमखास दिसतो. त्यातली कथा शहरात घडते. त्या शहरात माणसं राहतात आणि एल्फही राहतात. एल्फ म्हणजे युरोपातल्या लोककथांमधली, माणसाहून देखणी आणि दीर्घायुषी अशी जमात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे सिनेमे पाहिलेल्यांना ती ठाऊक असेल. एकाच जिन्यावर दोघांची दारं असतात. मग कुणाचा तरी संशयास्पद मृत्यू होतो आणि तपास करणाऱ्याला दोन्ही वस्त्या पालथ्या घालाव्या लागतात. आमच्या घरातली कॉलेजची मुलं ही पुस्तकं लोकलमध्ये वाचतात. त्यांतल्या एकानं मला सुनावलं, "मामू, मराठीत असलं काही नाही."

मराठीत आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात तर ते गावोगावी होतं, फक्त कादंबरीच्या रूपात नव्हतं. विहिरीवर, वेशीवर, पिंपळावर त्याचं बिऱ्हाड होतं. आणि त्याची पद्धतशीर नोंद छापून आली तीही एका खुनानंतर.

नाशिकचा कलेक्टर आर्थर जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार होता. लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करायच्या म्हणून त्यानं एक प्रश्नावली गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली. गावात देव कोणते, भुतं कोणती, ती कुठे राहतात, कशानं धरतात, कशानं सोडतात, अशा धर्तीचे प्रश्न होते. मास्तरांनी इमानेइतबारे उत्तरं लिहिली. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतून कागद जमा झाले. पुढं 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा तो सूड होता. 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली, ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. कान्हेरे तेव्हा 18 वर्षांचे होते.

जॅक्सन गेला, कागद राहिले. रेजिनाल्ड एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ते संपादित केले. 1914 मध्ये गुजरातचा खंड निघाला आणि 1915 मध्ये कोकणचा. ठाण्याचा तुरुंग आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे, तसा तो असायलाच हवा. त्या मास्तरांची उत्तरं मात्र फारशी कुणी वाचत नाही. मी ती वाचली तेव्हा भुतांच्या गोष्टी वाचतोय असं वाटेना. पंचनामा वाचतोय असं वाटलं.

आता पाहा. मुंजा कोण? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत दगावला तो ब्राह्मणाचा मुलगा. हडळ कोण? बाळंतपणात किंवा ओल्या बाळंतिणीच्या दिवसांत गेलेली बाई. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेला. झोटिंग खारवी-कोळ्यांपैकी. समंध बिनवारशाचा, म्हणून पुरलेल्या धनावर बसलेला. प्रत्येक नावामागं एक मृत्यू आहे आणि प्रत्येक मृत्यूचं कारण नावातच नोंदवलेलं आहे. साथीत गेलेली पोरं, खाडीत गेलेले मासेमारीवाले आणि बाळंतिणी. बाळंतिणीच्या भुतांना तर एक नाव पुरलं नाही. हडळ आहे, अळवंतीण आहे, प्रांताप्रांतात आणखी आहेत. ज्या काळात बाईच्या मरणाची कागदावर धड नोंद होत नव्हती, त्या काळात गावानं ही नोंद ठेवली. रहस्यकथेत तपास करणारा विचारतो तोच प्रश्न इथं विचारायचा असतो: ही बाई कशानं मेली? दाईच्या हातून, उपासमारीनं, की कुणी वेळेवर बैलगाडी जुंपली नाही म्हणून?

आणि आमचा खवीस! हा शब्द मूळचा अरबी, खबीस, म्हणजे दुष्ट, नापाक. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशात आणि पुढं इतरांकडे त्याचा अर्थ दिलाय तो मुसलमानाचं भूत. मला या नोंदीचा राग येत नाही, थोडी गंमतच वाटते. मुसलमान मेल्यावरही गाव सोडून गेला नाही, हे कोशकारानं गृहीत धरलंय. त्याला झाड दिलंय, मराठी नाव दिलंय, मराठी माणसाला घाबरवण्याचा हक्कही दिलाय. 1990 च्या दशकात मी डोंबिवलीत भाड्याची जागा शोधत होतो. एजंटानं जागा, पाणी, स्टेशनचं अंतर सगळं उत्साहानं सांगितलं, शेवटी आडनाव विचारलं आणि डायरी मिटली. त्या दिवशी पायी परत येताना खवीसाची आठवण झाली. त्याला चिंचेचं झाड मिळालं होतं, तेही बिनडिपॉझिटचं.

अर्थात हा शेजार गोड होता असं कुणी समजू नये. गावाची सारी उतरंड भुतांतही उतरली होती. ब्राह्मणाचा मुंजा पवित्र पिंपळावर आणि खालच्या मानलेल्या जातींची भुतं तितकीच खालच्या जागी. शिवाय भुताच्या नावावर जिवंत माणसं मारली गेली, डाकीण ठरवून बायांना झोडपलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा होता. भुतांवर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. ज्यांची भुतं झाली त्यांची चौकशी करा, इतकंच म्हणतो.

एल्फांना सर्वांत जवळची मंडळी मात्र भुतं नव्हेत. त्या साती आसरा, सात बहिणी. अप्सरा शब्दाचं हे बोलीतलं रूप. विहीर, डोह, नदीचा काठ ही त्यांची घरं. सात दगड मांडायचे, शेंदूर लावायचा, खणानारळानं ओटी भरायची, हिरव्या बांगड्या वाहायच्या. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त या आसरांचा आणि मावलायांचा माग पुण्याच्या आसपासच्या मावळात काढला आणि त्या फार जुन्या जलमाता आहेत असं दाखवलं. उल्हास नदीच्या खोऱ्यालाही त्या अनोळखी नाहीत.

कल्याणला आमच्या जुन्या घराशेजारच्या काकू आसरांचं नाव घेत नसत. "बायांची जागा आहे ती," एवढंच म्हणत. आमची नानी जिनांचं नाव घेत नसे. "वो लोग" म्हणायची. संध्याकाळी ऊन पाणी मोरीत ओतताना ती आधी आवाज देई, म्हणजे तिथं कुणी असलं तर बाजूला होईल. कुराणात जिनांच्या नावाचा एक अख्खा सूरा आहे, 72 वा. त्यात जिनांतही श्रद्धावान आहेत आणि वाट चुकलेलेही आहेत. म्हणजे तीही आपल्यासारखीच संमिश्र वस्ती. काकूंच्या आणि नानीच्या देवाधर्माचं एकही अक्षर जुळत नव्हतं, पण न दिसणाऱ्या शेजाऱ्याशी वागायची रीत एकच होती: नाव घेऊ नये, वाट अडवू नये, पाणी टाकताना बघून टाकावं. काही 'लागलं'च तर दोन्ही घरची माणसं मलंगगडाची वाट धरत. त्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या एका ब्राह्मण घराण्याकडे राहिली. तिच्यावरून कज्जे झाले, वाद आजही होतात. पण झपाटलेल्या माणसाला गड चढवणाऱ्यांनी आधी वकील गाठला असं ऐकिवात नाही.

हे सगळं आपल्याकडचं मागासलेपण असं कुणाला वाटत असेल, तर आइसलँडकडे पाहावं. तिथं कोपाव्होगुर नावाच्या शहरात एका खडकाळ उंचवट्यात एल्फ राहतात असं लोक मानतात. तिथून जाणारा रस्ता त्या जागी अरुंद केलेला आहे आणि रस्त्याचं नावच एल्फ-टेकडीचा रस्ता. 2015 मध्ये दुसऱ्या एका रस्त्याच्या कामात एल्फांचं देऊळ मानलेला मोठा खडक फोडण्याऐवजी उचलून बाजूला नेऊन ठेवला. कोकणात राखणदाराला नारळ दिल्याशिवाय कुदळ मारत नाहीत, त्याचाच हा थोरला भाऊ.

मराठी पुस्तकांनी या शेजाऱ्यांचं काय केलं? रेल्वे ठाण्याला 1853 मध्ये आली, कल्याणला 1854 मध्ये. दहा वर्षांनी, 1864 मध्ये, कल्याण सार्वजनिक वाचनालय निघालं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी. त्याच सुमाराच्या वाचकाला अद्भुताची चटक लागली होती. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या आणि पुढं विष्णुशास्त्र्यांचाही हात त्या कामाला लागला. बगदादच्या गल्लीतला जिन पुण्याच्या शास्त्रीबुवांच्या लेखणीतून मराठी घरात शिरला आणि कुणी त्याला परका म्हटलं नाही. ज्या गावात खवीस आधीपासून नांदत होता, तिथं जिनाला जागा करून द्यायला कितीसा वेळ लागणार?

नंतर या घराची वाटणी झाली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड वाचनालयांच्या टेबलांवर फाटेपर्यंत फिरले. त्या जगात गुन्हेगार माणूसच असायचा. भूत आलं ते नारायण धारपांकडे आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत. तपास एका कपाटात गेला आणि भूत दुसऱ्या कपाटात. दोघांना एका गोष्टीत, एका चाळीत बसवणारी मराठी कादंबरी मला हवी आहे. तिचा तपास हडळीच्या बाळंतपणापासून सुरू व्हावा.

कच्चा माल अजून शिल्लक आहे. ठाणे महापालिका 1982 मध्ये झाली, कल्याण-डोंबिवलीची 1983 मध्ये. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत किती विहिरी बुजल्या, किती पिंपळ गेले, हे तुम्हीही पाहिलंय. आमच्या भागातल्या एका सात मजली इमारतीच्या आवारात, पंपाच्या खोलीला लागून, शेंदूर लावलेले सात दगड आहेत. तिथं पूर्वी विहीर होती. रात्रपाळीचा वॉचमन उत्तरेकडचा आहे. दगड कुणाचे हे त्याला माहीत नाही, पण तो उदबत्ती लावतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत, पार्किंगसाठी ते दगड हलवायचे का, असा विषय निघतो. दरवर्षी तो पुढच्या सभेवर ढकलला जातो.