खेड्याच्या वेशीवरील लाल पेटी

विलायतेस गेलेल्या एका स्नेह्याने धाडलेले चित्रपत्र गेले काही महिने आमच्या मेजावर, वकिली कागदांच्या गराड्यात, उभे आहे. चित्र साधेच. पाठीमागे हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणांच्या ओळी, चरणाऱ्या मेंढ्या. आणि पुढे रस्त्याच्या वळणावर एकटीच उभी असलेली टेलिफोनची लाल पेटी. आसपास घर नाही, दुकान नाही, माणूस नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात हे चित्र पाहून डोळे निवतात खरे. परंतु पक्षकाराची वाट पाहत बसलेल्या वकिलाच्या मनात भलतेच प्रश्न उभे राहतात. ही पेटी तेथे कोणी ठेवली? कोणाच्या खर्चाने? आणि दिवसाकाठी एकही मनुष्य तिच्यात शिरत नसेल, तर ती अद्याप काढली कशी नाही?

पेटीचे कूळ थोर आहे. १९२४ साली लंडनमध्ये टेलिफोनच्या पेटीसाठी नमुन्यांची स्पर्धा झाली. तीत जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाचा नमुना पसंत पडला. लिव्हरपूलच्या प्रचंड कॅथीड्रलचे काम वयाच्या बाविसाव्या वर्षी ज्याच्याकडे आले, तोच हा स्कॉट. पेटीच्या माथ्यावरील चपटा घुमट सर जॉन सोन या जुन्या वास्तुशिल्पीच्या समाधीवरून सुचला, असे जाणकार मानतात. थडग्याचे छत्र बोलक्या यंत्रावर यावे, हा योग विलक्षणच. स्कॉटने सुचविलेला रंग मात्र रुपेरी होता, आतून हिरवट निळा. टपालखात्याने पेटी बिडाची केली आणि तिला लाल रंग दिला. ज्या लालीवर पुढे सारे जग भाळले, ती तिच्या कर्त्याच्या मनात नव्हतीच.

ही पहिली पेटी महाग पडे, म्हणून ती बहुतांशी लंडनातच राहिली. खेड्याच्या नशिबी पेटी आली ती १९३५ नंतर. त्या वर्षी पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणास पंचवीस वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने स्कॉटने अधिक आटोपशीर असा नवा नमुना केला आणि टपालखात्याने एक सवलत जाहीर केली: ज्या गावी टपालकचेरी आहे, त्या गावास उत्पन्नाचा हिशेब न पाहता टेलिफोनची पेटी मिळेल. राजेलोकांच्या महोत्सवांत पुतळे उभे राहतात, मेजवान्या झडतात. या महोत्सवात खेड्यांना टेलिफोन मिळाला. ‘उत्पन्नाचा हिशेब न पाहता’ या शब्दांवर आम्ही पुन्हा येणार आहोत, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावेत.

सवलत मिळाली आणि तक्रारही आली. निसर्गरम्य प्रदेशांतील मंडळींना ती लाली डोळ्यांत खुपू लागली. हिरव्या डोंगरावर हा तांबडा डाग कशाला, असा आक्षेप निघाला. अखेर टपालखाते नमले आणि अशा रम्य स्थळी पेटीस करडा रंग देऊन केवळ काचांच्या चौकटी लाल ठेवण्याची मुभा मिळाली. पुढे पेट्या दुर्मिळ झाल्या, तेव्हा यांतील काही गावांनी आपल्या करड्या पेट्या हौसेने लाल रंगवून घेतल्या! सृष्टिसौंदर्याची व्याख्या पन्नास वर्षांत अशी फिरते. तिच्यावर कायदा बांधू पाहणाऱ्यांनी सावध असावे.

दुर्मिळ होण्याचे कारण सांगावयास नको. १९८४ साली ब्रिटिश टेलिकॉम खाजगी भागधारकांच्या हाती गेली आणि जुन्या पेट्या उपटण्याचे काम वेगाने सुरू झाले. लोकांनी ओरड केली, तेव्हा दोन हजारांहून अधिक पेट्या संरक्षित वास्तूंच्या यादीत गेल्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील पेनन या चिमुकल्या गावची पेटी १९८९ पासून अशीच संरक्षित आहे. ‘लोकल हीरो’ या १९८३ च्या चित्रपटामुळे ती पाहण्यास जगभरचे लोक येतात. गंमत अशी की, चित्रपटातील पेटी केवळ देखाव्यासाठी उभारलेली होती. खोट्या पेटीने खऱ्या पेटीस जीवदान दिले. न्यायालयात असा साक्षीदार आम्हांस क्वचितच लाभतो.

तथापि शोभेची पेटी निराळी आणि चालू टेलिफोनची निराळी. २०२२ साली ब्रिटनच्या नियंत्रक मंडळाने, म्हणजे ऑफकॉमने, सुमारे पाच हजार चालू पेट्यांना संरक्षण देणारे नियम केले. ज्या स्थळी सर्व मोबाइल कंपन्यांची लहर पोचत नाही, जेथे अपघात वा आत्महत्या वारंवार घडतात, किंवा जेथून वर्षात बावन्न अगर अधिक वेळा फोन केले गेले आहेत, तेथील पेटी कंपनीस काढता येत नाही. बावन्न, म्हणजे आठवड्यास एक! आम्ही हा आकडा वाचला आणि चित्रपत्रातील त्या एकट्या पेटीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या हताश माणसाने केलेला एक फोन कोणत्या खतावणीत जमा धरावयाचा?

आता घराकडे वळू. आपल्याकडे खेडोपाडी ही लाल पेटी आली नाही. आली ती पिवळी पाटी, आणि तिचा एक धागा थेट आमच्या बडोद्याशी जुळतो. ओडिशातील तितलागड येथे जन्मलेले सॅम पित्रोदा पदार्थविज्ञान शिकले ते येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात. १९६४ साली ते अमेरिकेस गेले. तोवर आपण टेलिफोन कधी वापरला नव्हता, असे त्यांनीच सांगितले आहे. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. उन्हाधुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारे तिचे लहानसे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली प्रथम बसले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर गावी. राणी चन्नम्मेच्या गावास हा मान मिळाला, हे सीमाभागातील वाचकांस ठाऊक असेलच.

त्यानंतर बाजारपेठांतून, बसथांब्यांजवळून एसटीडी-पीसीओच्या पाट्या उगवल्या. दांडिया बाजारच्या बाजूस लहानपणी आम्ही अशा रांगेत उभे राहिलो आहोत. रात्री उशिरा दर चौथाईवर येत, म्हणून रांगही उशिरा लागे. काचेच्या खोक्यात बोलणाऱ्याची नजर नातलगाच्या आवाजाइतकीच समोरच्या मीटरच्या तांबड्या आकड्यांवर असे. कोकणातील वाडीस मुंबईचा चाकरमानी याच तारेने जोडलेला होता. कितीतरी अपंग माणसांनी या खोक्यांवर संसार चालविले. मोबाइल आला आणि हे सारे मोजक्या वर्षांत नाहीसे झाले. त्या खोक्यांस ना घुमट होता, ना मुकुट. त्यामुळे त्यांच्यासाठी कोणी ओरड केली नाही.

आणि खेडे? १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत देशातील प्रत्येक गावास टेलिफोन देण्याचे वचन होते. ते पुरे झाले नाही. १९९९ च्या धोरणाने मुदत २००२ पर्यंत लांबविली. अखेर २००३ साली १८८५ च्या तारकायद्यात दुरुस्ती झाली. ग्रामीण व दुर्गम भागांतील लोकांस वाजवी दरात सेवा मिळण्यासाठी स्वतंत्र निधी असावा, हे तत्त्व तेव्हा कायद्याच्या पोटात आले. खेड्याचा टेलिफोन फायद्याचा ठरणार नाही, हे मान्य करूनच तो द्यावयाचा असतो, ही १९३५ ची गोष्ट आमच्या कायद्यास कळावयास सात दशके लागली.

बडोद्यास मात्र ती अगोदरच कळली होती. इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात वेस्टबरी-सब-मेंडिप नावाचे गाव आहे. तेथील फिरते ग्रंथालय बंद झाले, तेव्हा २००९ साली ग्रामस्थांनी आपली लाल पेटी एका पौंडास विकत घेतली आणि तीत फळ्या ठोकून पुस्तके ठेवली. ही बातमी वाचली तेव्हा आम्हांस सयाजीराव महाराजांच्या लाकडी पेट्या आठवल्या. १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणून ग्रंथालयांची योजना सुरू केली. लवकरच फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या राज्यातील खेड्यांकडे निघाल्या. एकेका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके असत. वाचकांकडून वर्गणी नाही, आणि रेल्वेचे भाडेसुद्धा दरबार भरी. पुस्तके किती जणांनी उघडली यावर पेटी बेतलेली नव्हती. १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. शिकलेल्या पोराने पुढे वाचावे काय, या विवंचनेतून ती निघाली होती.

आमच्या स्नेह्यास पत्रोत्तर धाडावयाचे राहिले आहे. चित्रातील त्या पेटीत अद्याप टेलिफोन आहे, की पुस्तके आहेत, की केवळ कोळ्याची जाळी, एवढे तेवढे त्यास विचारावयाचे आहे.