सांबऱ्याची धावपट्टी आणि शिकता शिकता गेलेले वैमानिक

बेळगावातल्या टिळकवाडीकरांना सांबरा म्हणजे मुंबई-दिल्लीचं विमान पकडायचं ठिकाण. बेळगावच्या पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवरचा हा विमानतळ ब्रिटिश हवाई दलाने बांधला तो १९४२ साली. त्या मार्चमध्ये रंगून पडलं होतं, जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या होत्या. विमानं कारखान्यात तयार होत होती, पण ती चालवणारे हात घडवायला वेळ लागतो. सांबऱ्याचा उपयोग मुख्यतः त्यासाठी, म्हणजे प्रशिक्षणासाठी झाला.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दलात १६ अधिकारी आणि १४४ सैनिक होते. स्क्वाड्रन एकच. युद्ध संपलं तेव्हा नऊ स्क्वाड्रन आणि साधारण २८,५०० माणसं! सहा वर्षांतली ही वाढ शाळांनी पेलली. लाहोरजवळ वॉल्टनला कवायत आणि पुस्तकी धडे, हैदराबादच्या बेगमपेठेत किंवा जोधपूरला पहिलं उड्डाण, अंबाल्याला पुढचं शिक्षण, आणि शेवटी रिसालपूरला लढाऊ विमानाचा सराव. मुंबईत जन्मलेल्या हृषीकेश मुळगावकर यांना १९४० च्या नोव्हेंबरात याच दलात कमिशन मिळालं. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. त्या पिढीतले सगळेच तिथवर पोहोचले नाहीत, आणि न पोहोचलेल्यांना गाठायला प्रत्येक वेळी शत्रू यावा लागला नाही.

सुरुवात टायगर मॉथवर व्हायची. दोन पंखी, उघड्या कॉकपिटचं, १३० अश्वशक्तीचं विमान. खाली उभा राहिलेला माणूस पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचा. शिक्षक पुढे, शिकाऊ मागे, आणि दोघांमध्ये बोलायला एक नळी. हे विमान चुका पोटात घालायचं, पण सगळ्याच नाही. उतरण्याआधी शेवटचं वळण घेताना वेग कमी पडला, की एका बाजूचा पंख खाली जातो आणि विमान गिरक्या घेत कोसळतं. उंची असेल तर सावरता येतं. तीनचारशे फुटांवर सावरायला जागाच नसते.

अंबाल्याला गाठ पडायची हार्वर्डशी. सुमारे ६०० अश्वशक्तीचं इंजिन आणि आत ओढून घ्यायची चाकं, म्हणजे सायकलवरून उतरून थेट बुलेटवर बसल्यासारखं. उतरताना चाकं बाहेर काढायला विसरणं, जमिनीला टेकल्यावर विमान गर्रकन फिरणं, रात्री दिव्यांच्या रांगेचा अंदाज चुकणं हे तर होतंच. शिवाय विशीतली पोरं ती, शिक्षक सोबत नसला की झाडांच्या शेंड्यांवरून विमान काढायचा मोह आवरत नसे.

खरं तर यावरचा उपाय आधीच्या महायुद्धातच सापडला होता. १९१७ साली इंग्लंडमधल्या गोसपोर्टच्या शाळेत रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी उलटा विचार केला. तोवर शिक्षक धोक्याच्या कसरती टाळत, आणि त्या टाळलेल्या कसरतीतच शिकाऊ एकटा सापडे. स्मिथ-बॅरींनी दुहेरी नियंत्रणाच्या अॅव्रो विमानात शिकाऊला मुद्दाम गिरकीत नेलं आणि बाहेर यायला शिकवलं. भीती लपवण्यापेक्षा ती शिकवणं जास्त सुरक्षित, हे त्यांनी दाखवून दिलं. हीच पद्धत पुढे जगभर गेली.

तरीही दुसऱ्या महायुद्धातले आकडे अंगावर येतात. कॅनडातल्या राष्ट्रकुल प्रशिक्षण योजनेत ८५६ शिकाऊ गेले. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाची सुमारे १५,००० माणसं मायदेशातल्याच अपघातांत मेली. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या ५५,५७३ मृतांपैकी आठ हजारांहून अधिक जण प्रशिक्षणात आणि इतर अपघातांत दगावले. आपल्याकडे तर भारतीय हवाई दलाची पहिली उड्डाणं १९३३ च्या एप्रिलमध्ये कराचीत झाली आणि त्याच वर्षी पहिल्या पाच वैमानिकांपैकी दोघे, भूपिंदर सिंग आणि अमरजित सिंग, अपघातात गेले. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या युद्धकालीन थडग्यांची कायमची देखभाल होणं शक्य नव्हतं, ती पुण्याजवळ खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एकत्र आणली गेली. तिथे दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी आहेत. दगडावर नाव, दल आणि तारीख असते. गोळी लागून की गिरकीत सापडून, हे दगड सांगत नाही, आणि तसा भेद करूही नये.

बेळगावला हे दुःख अगदी अलीकडे भिडलं. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली सुखोई आणि मिराज ही विमानं अपघातात सापडली. सुखोईतले दोघे बाहेर पडले. मिराजचे वैमानिक, बेळगावच्या गणेशपूरचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी, वाचले नाहीत. देश तेव्हा कुणाशी लढत नव्हता.

आणि शिक्षणातली त्रुटी कळूनही वर्षानुवर्षं तशीच राहते, याचा दाखला पुण्यात आहे. साध्या जेटवरून एकदम स्वनातीत मिग-२१ वर जाणाऱ्या तरुणांसाठी मधली पायरी हवी, प्रगत प्रशिक्षण विमान हवं, असं एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने १९८२ मध्येच सुचवलं होतं. असं विमान, म्हणजे हॉक, कर्नाटकातल्याच बिदरला दाखल झालं २००८ मध्ये. मधल्या काळात, १७ सप्टेंबर २००१ रोजी, पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सुरतगडला मिग-२१ च्या रात्रीच्या उड्डाणात गेले. चौकशीत दोष त्यांच्या माथी आला. आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही; त्या वर्षानुवर्षं झगडल्या. अनिल आणि कविता गाडगीळ यांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढलं आणि पुण्यात वैमानिकांना सिम्युलेटरवर सराव देणारी संस्था उभी केली.