घरगुती ध्वनिमुद्रण आणि चुकीची किंमत

घरच्या घरीं गाणें मुद्रित करावयाचें तर आरंभीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, हा प्रश्न हल्लीं माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तरालाहि विचारला जातो. विचारणारे बहुधा विशीच्या आंतबाहेरचे असतात. त्यांच्यापाशीं संगणक असतो, एखादा मायक्रोफोन असतो, गळाहि असतो. आणि समोर दहाबारा नांवांची यादी असते. अशा वेळीं नांव सांगण्यापूर्वीं मी थोडा इतिहास सांगतों. तो विचारणाराला आवडतोच असें नाहीं. परंतु माझी अशी खात्री झाली आहे कीं, घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास हा गाणाराच्या चुकीची किंमत उतरत गेल्याचा इतिहास आहे. आणि नवशिक्यानें साधन निवडतांना हीच एक गोष्ट आधीं पारखून घ्यावी. श्रोतेहो, तोच इतिहास आज आपल्यापुढें मांडीत आहें.

थॉमस एडिसन यानें १८७७ सालच्या डिसेंबरांत आपला पहिला फोनोग्राफ चालवून दाखविला. फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ वर्ख गुंडाळलेला असे. समोर कोणी बोललें कीं सुईचे ठसे त्या वर्खावर उमटत, आणि सुई पुन्हां आरंभास आणून नळकांडें फिरविलें कीं तेच शब्द ऐकूं येत. चारदोन वेळां वाजवितांच वर्ख फाटून निरुपयोगी होई. पुढें मेणाचीं नळकांडीं निघालीं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील पुष्कळ घरांत हें यंत्र जाऊन बसलें. आज आपण त्याला गाणीं ऐकण्याची पेटी समजतों. पण त्या यंत्राला कानाप्रमाणें तोंडहि होतें. घरांतील मंडळी कर्ण्यापुढें उभी राहत, गात, पाठ म्हणत, हंसत, आणि तें सारें मेणावर कोरलें जाई. नळकांडें दोन मिनिटें चाले. गाणें बिघडलें तर? मेणाचा वरचा थर तासून टाकावयाचा, कीं नळकांडें पुन्हां कोरें! कांहीं यंत्रांना त्यासाठीं तासणीच जोडलेली असे. पोरानें पाटी पुसून पुन्हां लिहावें तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, पाटी झिजत नाहीं आणि मेण झिजतें.

एवढें सोपें साधन मागें कां पडलें? एमिल बर्लिनर याच्या ग्रामोफोनमुळें. त्याच्या सपाट तबकडीचा एकदां सांचा झाला कीं त्यावरून वाटेल तितक्या प्रती छापतां येत. धंद्याला हें फार सोयीचें झालें. परंतु मुद्रण कारखान्यांत आणि श्रवण घरांत अशी वांटणी झाली. घराचें तोंड मिटलें आणि कान तेवढे उरले. आपल्या देशाची या विद्येशीं मोठी ओळख झाली ती याच वांटणीनें. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर महिन्यांत त्यानें गोहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. मुद्रण येथें आणि तबकड्या छापावयाच्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं! गाणें संपतांच गोहरजान इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत, तें तेथील कामगारांना तबकडी कोणाची हें कळावें म्हणून. तास तास चालणारा राग सुमारें तीन मिनिटांत आवरावयाचा, कर्ण्यांत गावयाचें, आणि मध्यें खोकला आला कीं ती मेणाची तबकडी वाया. उस्ताद अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं निवर्तले. त्यांची एकहि ध्वनिमुद्रिका आज ऐकावयास मिळत नाहीं. त्यांच्या शिष्यपरंपरेच्या गायनावरूनच त्यांचा अदमास घ्यावा लागतो. आपल्या आवाजाचें मुद्रण आपल्या हातीं नसणें म्हणजे काय, हें यावरून ध्यानांत येईल.

नंतर चुंबकीय फीत आली. जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमर यानें १९२८ सालीं कागदाच्या पट्टीवर लोहभस्म चढवून ती सिद्ध केली. १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मॅग्नेटोफोन यंत्र लोकांनीं पाहिलें, आणि महायुद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकन सैनिकानें तशीं दोन यंत्रें मायदेशीं नेलीं. फीत कापतां येते आणि चिकटवितांहि येते. म्हणजे चुकलेली ओळ कात्रीनें काढून टाकावी! हा लाभ लहान नव्हे. त्यापूर्वीं लेस पॉल हा गिटारवादक घरच्या गॅरेजमध्यें तबकड्यांवर एकावर एक असे स्वतःच्याच वादनाचे थर चढवीत असे. शेवटच्या थरांत बोट चुकलें कीं मागचे सारे थर व्यर्थ होत, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागे. १९५७ सालीं त्याला अँपेक्स कंपनीचें आठ पट्ट्यांचें यंत्र मिळालें, तेव्हां प्रत्येक वाद्याला स्वतंत्र पट्टी झाली आणि एकाची चूक दुसऱ्याला भोवेनाशी झाली. आजच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्यें पडद्यावर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांचें मूळ येथें आहे.

परंतु तें यंत्र श्रीमंताच्या घरचें. सामान्य घराचें तोंड पुन्हां उघडलें तें कॅसेटनें. फिलिप्स कंपनीनें ती १९६३ सालीं बाहेर काढली. माझ्या पिढीच्या श्रोत्यांना तिच्या पाठीवरील दोन चिमुकल्या पापुद्र्यांची आठवण असेल. ते मोडून टाकले कीं त्या कॅसेटवर दुसरें कांहीं मुद्रित होत नसे. पुढेंमागें विचार बदललाच तर त्या भोंकावर चिकटपट्टी लावावयाची. इतका साधा आणि इतका शहाणा उपाय मीं दुसरा पाहिला नाहीं. आणि तोच मीं केला नाहीं. १९८६ सालीं आईच्या जात्यावरच्या ओव्या मीं एका कॅसेटवर घेतल्या होत्या. पापुद्रे मोडावयाचे राहून गेले. पुढल्याच वर्षीं स्नेहसंमेलनाच्या समूहगीताची तालीम मुद्रित करण्यासाठीं हाताला आली ती कॅसेट यंत्रांत घातली. तालीम उत्तम मुद्रित झाली. त्या बाजूच्या शेवटीं आईचीं अकरा मिनिटें तेवढीं उरलीं.

१९७९ सालीं टिअ‍ॅक कंपनीनें पोर्टास्टुडिओ नांवाचें चार पट्ट्यांचें कॅसेटयंत्र काढलें. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकानें १९८२ सालचा आपला ‘नेब्रास्का’ हा गीतसंग्रह तशाच यंत्रावर घरीं मुद्रित केला. कच्चा खर्डा म्हणून केलेलें तें मुद्रणच अखेर प्रसिद्ध झालें. पट्ट्यांची संख्या मोजून साधन निवडणारांनीं हें लक्षांत ठेवावें. चार पट्ट्यांत जें साधतें तें चारशें पट्ट्यांत साधेलच, असें नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. संगणक आवाजाचे अंक करून ठेवतो. सीडीच्या मानानें सेकंदाला ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेतलें जातें, आणि दोन कर्ण्यांच्या एका मिनिटाच्या गाण्याला सुमारें एक कोटि अक्षरांइतकी जागा लागते. १९९१ सालीं प्रो टूल्स निघालें, तेव्हां हा भार पेलण्यासाठीं निराळीं यंत्रांगें विकत घ्यावीं लागत आणि खर्च हजारों डॉलरांत जाई. पुढें साध्या संगणकालाच तें बळ आलें. परंतु माझ्या मतें खरी क्रांति वेगाची नव्हे. केलेली कृति मागें घेण्याची ‘अनडू’ नांवाची जी आज्ञा आहे, ती खरी क्रांति. कंट्रोल आणि झेड हीं दोन बटणें एकदम दाबलीं कीं चूक झालीच नव्हती असें होतें. मेण झिजत नाहीं, फीत कापावी लागत नाहीं, पापुद्रा मोडावा लागत नाहीं.

ही सोय गरिबाच्या घरीं नेणारें सॉफ्टवेअर म्हणजे ऑडॅसिटी. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनीं १९९९ च्या सुमारास तें हातीं घेतलें आणि २००० सालच्या मे महिन्यांत तें जगाला विनामूल्य दिलें. त्याची घडणहि उघडी आहे. ज्याला समजते त्यानें ती वाचावी, बदलावी. एकट्या गळ्याचें किंवा एका वाद्याचें मुद्रण, जुन्या कॅसेटचें उतरणें, भाषण, कथाकथन, यांसाठीं मी नवशिक्याला हेंच सांगतों. दोष त्यालाहि आहेत. पूर्वीं त्याच्या कामाची एक धारिका आणि शेजारीं आवाजाच्या तुकड्यांचा एक फोल्डर असे. कित्येक भाबडे लोक धारिका तेवढी उचलून नेत आणि घरीं जाऊन पाहतात तों आंत आवाजच नाहीं! २०२१ सालच्या आवृत्तीपासून सारें एकाच धारिकेंत राहूं लागलें. शिवाय कार्यक्रम बंद केला कीं ‘अनडू’ची स्मृति पुसली जाते, म्हणून मूळ मुद्रणाची एक प्रत पहिल्याच दिवशीं वेगळी काढून ठेवावी. हा आपला मोडलेला पापुद्रा समजावा.

तानपुरा, तबला, पेटी आणि गळा असे निरनिराळे थर चढवावयाचे असतील, तर मात्र दुसरीं साधनें अधिक सोयीचीं. ॲपलचा संगणक असल्यास २००४ सालीं निघालेलें गॅरेजबँड तेथें आयतें मिळतें, आणि त्यांत मूळ आवाजाला धक्का न लावतां कापाकापी होते. इतर संगणकांवर रीपर आहे. तें विकत घ्यावयाचें खरें, पण साठ दिवस पुरतें वापरून पाहतां येतें. मोबाइलवरच काम भागवावयाचें असेल तर सिंगापूरच्या बँडलॅबचा विचार करावा. मात्र कोणाच्याहि आश्रयास राहतांना एक सावधगिरी हवी. १९८७ पासून चालत आलेल्या केकवॉक या नामांकित सॉफ्टवेअरची पुढील घडण तिच्या मालक कंपनीनें २०१७ सालच्या नोव्हेंबरांत एकाएकीं थांबविली. दुसऱ्या वर्षीं बँडलॅबनें तें विकत घेतलें म्हणून निभावलें. सॉफ्टवेअरच्या खास धारिका त्याच्याबरोबर बुडूं शकतात. १९९१ पासून रूढ असलेली वेव्ह नांवाची साधी धारिका कोणींहि उघडावी. तेव्हां प्रत्येक पुरें झालेलें गाणें, आणि त्याची प्रत्येक पट्टीहि, वेव्हमध्यें काढून ठेवावी.

माझ्या हातून हें लगेच झालें असें नव्हे. आईचीं तीं अकरा मिनिटें संगणकावर घ्यावींत म्हणून मीं प्रथम एका जाणत्या गृहस्थाच्या सांगण्यावरून एक भलें मोठें सॉफ्टवेअर आणलें. पडद्यावर इतकीं बटणें कीं शाळेंतील प्रयोगशाळेची आठवण व्हावी. पंधरा दिवस गेले. कॅसेट चारसहा वेळां वाजून झाली, आणि जुनी फीत दर फेरीला थोडी थोडी झिजत होती. पुढें ऑडॅसिटीवर पहिल्याच सायंकाळीं मुद्रण उतरलें. कॅसेटची सूं सूं फार ऐकूं येई. ती काढण्याची सोय त्यांत आहे: गाणें नसलेला क्षणभराचा तुकडा दाखवावा, कीं त्या जातीचा आवाज सगळीकडून निवडून काढला जातो. मीं आई श्वास घ्यावयाला थांबली होती तो तुकडा दाखविला आणि आज्ञा दिली. सूं सूं गेली. आईचा आवाज विहिरींतून आल्यासारखा झाला, आणि मागें कांहींतरी ओकें ओकें वाटूं लागलें. तें काय, हें ध्यानांत यावयाला दोनतीन वेळां ऐकावें लागलें. श्वास घेतांना आई थांबली होती, पण तिचा हात थांबला नव्हता. सॉफ्टवेअरनें जात्याची घरघरहि गोंगाट समजून काढून टाकली होती. मीं कंट्रोल आणि झेड दाबलें. सूं सूं परत आली, जातें परत आलें, आणि तें मुद्रण मीं तसेंच ठेवलें आहे.