पडला तर कोणाचा?

सायकलीवरून माणूस पडला तर तो स्वतःचा पडतो. पण कामावर असताना पडला तर तो धन्याचा पडतो. एवढ्या एका फरकापायी गेल्या सव्वाशे वर्षांत किती हुकूम निघाले आणि किती फिरले, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. ती पाहायची तर इंग्लंडातल्या पोस्टमनच्या मागोमागच जावे लागते. (मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पोस्टमन दारात आल्यावाचून आमची कथानके पुढे सरकत नाहीत. तेव्हा हा पक्षपात वाचकांनी गोड मानून घ्यावा.)

१८८० साली कॉव्हेन्ट्री शहरात पोस्टाने टपाल वाटायला तीनचाकी सायकल वापरून पाहिली. तीनचाकी अशासाठी, की त्या काळची दुचाकी म्हणजे पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे ताटाएवढे. वाटेत धोंडा आडवा आला की स्वार हँडलावरून थेट डोक्यावर! पुढे १८८२ च्या सुमारास हॉर्शम गावच्या एडवर्ड बर्स्टो नावाच्या वास्तुशिल्पकाने पाच चाकांचे एक वाहन काढले. मध्ये एक थोरले चाक, भोवती चार लहान. गावाने त्याचे नाव ठेवले ‘कोंबडी आणि पिल्ले’. तिथल्या पोस्टमननी ते चालवलेही. पण कोंबडीचा वंश काही वाढला नाही.

वंश वाढला तो १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने बाजारात आणलेल्या ‘रोव्हर’ सायकलीचा. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला साखळी. लोक तिला ‘सेफ्टी’च म्हणू लागले. १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव शोधली आणि हाडे खिळखिळी होणे थांबले. १८९६ साली पोस्टखात्याने सायकल अधिकृतपणे स्वीकारली. तोवरचा धोका यंत्रात होता. यंत्र सुधारले, धोका गेला. हे सरळ होते. पुढचा धोका रस्त्यावरून आला, आणि तिथे सारा घोळ सुरू झाला.

दरम्यान १८९७ साली तिथे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. प्रथम तो कारखाने, खाणी, रेल्वे असल्या जोखमीच्या धंद्यांपुरता होता. १९०६ मध्ये बहुतेक सगळ्या नोकरांना लागू झाला. कामावर असताना, कामामुळे इजा झाली, तर धन्याची चूक असो वा नसो, त्याने भरपाई द्यायची. मात्र घरून कचेरीत जाणे हे सामान्यतः ‘काम’ नव्हे. म्हणजे सकाळी नऊला ज्या रस्त्याने माणूस स्वतःच्या जबाबदारीवर सायकल हाकीत आला, त्याच रस्त्याने अकराला साहेबाचे कागद घेऊन निघाला, की त्याची हाडे साहेबाच्या खात्यावर!

आता रस्त्याचे पाहा. १९३० च्या कायद्याने मोटारींवरची ताशी वीस मैलांची वेगमर्यादा उठवली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंत्री होअर-बेलिशा यांनी लंडनजवळ वेस्टर्न अॅव्हेन्यूच्या कडेने सायकलींसाठी सुमारे अडीच मैलांची वेगळी वाट खुली केली. सायकलस्वारांच्या संस्थांनी आभार मानण्याऐवजी निषेध केला. आज वेगळी वाट देता, उद्या हमरस्त्यावरून हाकलाल, अशी त्यांना धास्ती. मला ती अगदीच खुळचट वाटत नाही. तरी १९४९ साली ब्रिटिश लोकांनी सायकलीवर सुमारे १,४७० कोटी मैल कापले. तो कळस होता. १९७३ मध्ये तो आकडा २३० कोटींवर आला.

लगेच १९७४ साली कामावरच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा कायदा झाला. वाजवी रीतीने शक्य असेल तितके नोकराला सुरक्षित ठेवणे हे धन्याचे कर्तव्य ठरले. कायदा चांगलाच, त्याने पुष्कळांचे जीव वाचले. पण धोका मोजून कागदावर मांडायचा म्हटले की हेडक्लार्कला एकच युक्ती सुचते: बंदी! मोटार नेणाऱ्याला कोणी विचारीत नाही. सायकल नेणाऱ्याला शिरस्त्राण हवे, पिवळे जाकीट हवे, शिक्षणाचा दाखला हवा, नाहीतर मनाई. असले हुकूम तिकडच्या काही कचेऱ्यांत निघतात. आणि तिकडचेच करखाते २००२ च्या नियमाने कामासाठी सायकल चालवणाऱ्याला मैलामागे वीस पेन्स करमुक्त घेऊ देते! एका हाताने साखर, दुसऱ्या हाताने छडी.

हे परक्यांचे म्हणून हसण्यासारखे नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तिथे परीक्षेच्या कामाला शिक्षकांनी सायकलीने जाऊ नये असे परिपत्रक निघाले. ‘रहदारी वाढली आहे’ हे कारण. वाढवली कोणी, ते लिहिले नव्हते. फटफटी मात्र चालत होती.

१९९२ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या अहवालाने, सायकलीपासून प्रकृतीला होणारा लाभ अपघाताच्या हानीहून कितीतरी अधिक आहे, असा निर्वाळा दिला. २००० साली कोपनहेगनच्या सुमारे तीस हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकलीने कामाला न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त आढळले. पण सायकलीवर मेलेला माणूस वर्तमानपत्रात येतो. खुर्चीवर बसून हृदय बंद पडलेला फार तर शोकसभेत. परिपत्रक लिहिणारा पहिल्यालाच भितो.

२०१० साली रॉयल मेलने आपल्या सायकली टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले. पार्सले वाढली, ओझे वाढले, गाडी आणि ढकलगाडी अधिक सुरक्षित, अशी कारणे होती. ओझ्याचे कारण मला पटते. पाठ पोस्टमनची असते, आपली नव्हे. सुरक्षिततेचे तितकेसे पटत नाही.

आपल्याकडे उलटे घडले. सातव्या वेतन आयोगाने सायकलभत्ता रद्द करावा असे सुचवले होते. २०१७ साली केंद्र सरकारने पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यापुरता तो राखला, आणि महिना ९० रुपयांचे १८० केले. त्या वाढीव नव्वदांत ट्यूब किती आणि पंक्चर किती, हा हिशेब पोस्टमनलाच विचारावा.

आणि रॉयल मेलच्या त्या लाल सायकली? त्यांतल्या हजारो जहाजात चढल्या आणि आफ्रिकेत उतरल्या. मलावीत त्यांना ‘एलिफंट बाइक’ म्हणतात. टपालासाठी केलेल्या त्यांच्या भक्कम कॅरियरवर आता धान्याची पोती असतात.