वैद्यकीय प्रवेश : अर्जाचा ऑनलाइन मागोवा कसा घ्यावा?

वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचे पत्र टपालाने येण्याची वाट पाहण्याचे दिवस मागे पडून बराच काळ लोटला. परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, पसंतीक्रम, निवड यादी, इतकेच काय पण मिळालेली जागा सोडणेही आता संकेतस्थळावरूनच करावे लागते. त्यामुळे खेटे वाचले, हे खरे. मात्र जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्यावर आली. सूचना संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली की ती उमेदवाराला मिळाली, असे गृहीत धरले जाते. ती पाहिली नाही ही सबब कोणतीही प्रवेश यंत्रणा ऐकून घेत नाही आणि दोन वर्षांच्या अभ्यासातून मिळवलेले गुण एका चुकलेल्या तारखेपायी वाया जाऊ शकतात.

स्पर्धेचा आवाका पाहिला की या दक्षतेचे महत्त्व पटते. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली आणि त्यांपैकी १२ लाख ३६ हजारांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजेच पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर कापण्याचा मार्ग दोन स्वतंत्र यंत्रणांच्या संकेतस्थळांवरून जातो.

दोन यंत्रणा, दोन अर्ज

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. हे काम केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या अखत्यारीतील वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे ‘एमसीसी’ करते. अभिमत विद्यापीठे, ‘एम्स’ आणि ‘जिपमर’ येथील प्रवेशही याच समितीकडे आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांनाही पहिली नोंदणी येथेच करावी लागते. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या उर्वरित ८५ टक्के जागा आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतील जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे ‘सीईटी सेल’ भरतो.

‘नीट’चा अर्ज भरला म्हणजे या दोन्ही ठिकाणी आपोआप नोंद होते, असा अनेक पालकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र शुल्क आणि स्वतंत्र पसंतीक्रम द्यावा लागतो. दोन्हीकडचे प्रवर्गही सारखे नसतात. राज्यातील ‘एसईबीसी’ प्रवर्गाला केंद्राच्या कोट्यात स्थान नाही. इतर मागासवर्गीयांसाठीही केंद्राच्या यादीत जातीचा समावेश असावा लागतो आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच लागते.

निकालापूर्वी काय पाहावे?

राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या, अर्थात ‘एनटीए’च्या संकेतस्थळावरील टप्पे क्रमाने येतात : अर्ज, दुरुस्तीची मुदत, परीक्षेच्या शहराची सूचना, प्रवेशपत्र, तात्पुरती उत्तरसूची, अंतिम उत्तरसूची आणि गुणपत्रक. यांपैकी दुरुस्तीची मुदत आणि तात्पुरती उत्तरसूची हे दोन टप्पे विद्यार्थी हमखास दुर्लक्षितात. नावातील, जन्मतारखेतील वा प्रवर्गातील चूक दुरुस्तीच्या मुदतीत सुधारली नाही, तर ती पुढे प्रत्येक कागदावर उमटत जाते. उत्तरसूचीबरोबर उमेदवाराच्या उत्तरपत्रिकेची प्रतिमाही उपलब्ध होते. तिच्यावरून आपले गुण मोजून पाहावेत. आक्षेप घ्यायचा असल्यास गेल्या काही वर्षांत प्रत्येक प्रश्नासाठी २०० रुपये शुल्क आकारले गेले आहे. एका योग्य उत्तराचे चार गुण असतात आणि तेवढ्या फरकाने हजारो क्रमांक बदलतात, हे लक्षात घेता ही रक्कम मोठी म्हणता येणार नाही.

अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक व ई-मेल पत्ता स्वतःचा किंवा पालकांचा असावा. सायबर कॅफेचालकाचा वा शिकवणीचा क्रमांक दिल्यास पुढील सारे परवलीचे आकडे भलत्याच ठिकाणी जातात. गुणपत्रक टपालाने पाठवले जात नाही. ते उतरवून घेऊन किमान दोन ठिकाणी जतन करावे.

फेऱ्यांचे नियम

खरी कसोटी निकालानंतर सुरू होते. ‘एमसीसी’च्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीनंतर रिक्त जागांसाठी अखेरची फेरी होते. प्रत्येक फेरीत नियम अधिक कडक होत जातात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास दंड नाही. दुसऱ्या फेरीपासून अनामत रक्कम जप्त होऊ शकते. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतल्यावर ती जागा सोडता येत नाही. अखेरच्या फेरीत मिळालेली जागा नाकारल्यास अनामत जाते आणि पुढील वर्षीची ‘नीट’ देण्यावरही बंदी येते. २०२५ मध्ये अखिल भारतीय कोट्यासाठी ही अनामत सर्वसाधारण गटाला १० हजार रुपये, राखीव गटांना ५ हजार रुपये, तर अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये होती. परतावा ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जमा होतो. म्हणूनच कॅफेचालकाच्या किंवा दलालाच्या कार्डावरून ही रक्कम भरू नये.

प्रत्येक फेरीत लक्षात ठेवण्याजोग्या आणखी काही बाबी पुढीलप्रमाणे :

- ‘एमसीसी’च्या पहिल्या फेरीतील पसंतीक्रम दुसऱ्या फेरीत चालत नाही. तो नव्याने भरावा लागतो.
- मुदतीत पसंतीक्रम निश्चित केला नाही, तर तो आहे त्या अवस्थेत आपोआप निश्चित होतो. अर्धवट यादी तशीच राहते.
- प्रथम तात्पुरता निकाल जाहीर होतो. त्यावर हक्क सांगता येत नाही. अंतिम निकाल आणि वाटपपत्र हाती आल्यावरच प्रवासाचे तिकीट काढावे.
- पुढील फेरीत वरची जागा हवी असल्यास तशी इच्छा प्रवेश घेताना नोंदवावी लागते. वरची जागा मिळताच आधीची आपोआप रद्द होते.
- प्रवेशाचे आणि जागा सोडल्याचे पत्र समितीच्या प्रणालीतूनच निघायला हवे. महाविद्यालयाने हाताने लिहून दिलेला कागद ग्राह्य धरला जात नाही.

राज्याच्या प्रक्रियेत नोंदणी व कागदपत्रे सादर केल्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तीत विद्यार्थ्याचा राज्य गुणवत्ता क्रमांक कळतो. आपले नाव, प्रवर्ग आणि गुण बरोबर आहेत ना, हे त्याच दिवशी तपासावे. या याद्या शेकडो पानांच्या असतात. ‘नीट’चा आसनक्रमांक टाकून शोध घेतल्यास नोंद क्षणात सापडते. राज्याच्या फेरीत मिळालेली जागा समाधानकारक असल्यास ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरून ती कायम ठेवता येते. मात्र हा अर्ज भरणाऱ्याचा पुढील फेऱ्यांसाठी विचार होत नाही. कार्यालयातील गर्दीत, न वाचता या कागदावर सही करणाऱ्यांना नंतर पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही.

नोंदवही हवीच

दोन यंत्रणांच्या तारखा अनेकदा एकमेकींत गुंततात आणि वेळापत्रकेही बदलतात. २०२५ मध्ये अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्याच फेरीची मुदत वाढवावी लागली होती. त्यासाठी संगणकावर एक साधा तक्ता करावा किंवा शंभर पानी वही घालावी. फेरी, नोंदणीची अंतिम तारीख, पसंतीक्रमाची मुदत, निकाल, हजर होण्याची शेवटची वेळ, भरलेले शुल्क आणि व्यवहार क्रमांक असे रकाने पुरेसे आहेत. फेऱ्या सुरू असेपर्यंत सकाळी आणि रात्री दोन्ही संकेतस्थळांवरील सूचना वाचाव्यात. रविवार आणि सुटीचे दिवसही त्याला अपवाद नसावेत. प्रत्येक टप्प्यानंतर पडद्यावरील पावती छापून किंवा जतन करून ठेवावी. वाद उद्भवल्यास तोच पुरावा ठरतो.

कागदपत्रांचा वेगळा तक्ता करावा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, राष्ट्रीयत्व किंवा अधिवास प्रमाणपत्र, वैद्यकीय पात्रता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचे, जात वैधतेचे व नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांची पूर्तता निकालापूर्वीच करावी. राज्याच्या प्रवेशासाठी नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. मुदत संपलेल्या कागदामुळे राखीव जागेचा दावा जातो आणि विद्यार्थी खुल्या गटात ढकलला जातो.

भाकिते आणि दलाल

अमुक गुणांना तमुक महाविद्यालय मिळेल, असे सांगणारी अनेक खासगी संकेतस्थळे आहेत. त्यांचा आधार मागील वर्षांचे आकडे हाच असतो. प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी आणि जागांची संख्या बदलली की हे आकडे कोलमडतात. त्यामुळे गुणांपेक्षा क्रमांकाची तुलना करावी आणि मूळ याद्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात. महाराष्ट्रात ७०:३० हा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. त्यापूर्वीच्या याद्यांवरून विभागवार अंदाज बांधणे चुकीचे ठरते. महाविद्यालयाला मान्यता आहे का आणि जागा किती आहेत, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर तपासता येते.

भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या बनावट याद्या आणि ‘जागा राखून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ यांपासून सावध राहावे. वाटप गुणवत्ता, प्रवर्ग आणि पसंतीक्रम यांवर होते. आपला पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला परवलीचा आकडा कोणालाही सांगू नये. तो हाती आल्यावर दुसऱ्याला पसंतीक्रम बदलता येतो, आणि तसे झाल्याचे विद्यार्थ्याला निकालाच्या दिवशीच कळते.

शहरातील विद्यार्थ्याला घरबसल्या जमणाऱ्या या गोष्टी गावातील विद्यार्थ्यासाठी आजही सोप्या नाहीत. वीज गेली, जोडणी तुटली किंवा अखेरच्या तासात संकेतस्थळ मंदावले, तर त्याची संधी हुकते. म्हणून कोणतेही काम शेवटच्या दिवसावर ठेवू नये. ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांनी शेजारच्या किंवा नात्यातल्या अशा एखाद्या विद्यार्थ्याचा क्रमांकही आपल्या वहीत लिहून घ्यावा. सूचना वाचायला दहा मिनिटे लागतात. हुकलेल्या प्रवेशाची भरपाई करायला एक वर्ष लागते.