हे नाव आधीच घेतलेले आहे

 

नवे खाते उघडताना तुम्ही आपले नाव टाइप करता आणि खाली लाल अक्षरांत उत्तर येते : हे नाव आधीच घेतलेले आहे. आईवडिलांनी पंचांग पाहून, आत्याला कुर्रर्र करायला लावून ठेवलेले नाव कुणीतरी आधीच घेतलेले असते! मग आपण जन्मवर्ष जोडतो, मधे एक ठिपका देतो आणि ‘जोशी एकोणीसशे चौऱ्याहत्तर’ होऊन कामाला लागतो. घरातली मुले या फंदात पडत नाहीत. त्यांच्या खेळातले नाव एखादा ड्रॅगन असतो, किंवा कुणालाच उच्चारता येणार नाही असे काहीतरी. आपल्याला तो पोरखेळ वाटतो, पण या खेळाला फार जुनी परंपरा आहे.

सुरुवात आपल्या शेजारून करू. पार्सिपनीहून गाडीने साधारण अर्ध्या तासावर मरे हिल आहे. तिथल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली सुरू केली. एकाच यंत्रावर अनेकजण काम करणार, म्हणून प्रत्येकाला एक छोटे नाव लागे. थॉम्प्सनचे नाव नुसते ‘केन’. डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिचीचे ‘डीएमआर’, म्हणजे अगदी आपल्या गदिमांसारखे. या नावांना आठ अक्षरांची मर्यादा होती आणि पुढे अनेक कंपन्यांनी तीच पाळली. कुलकर्णी हे आडनाव रोमन लिपीत बरोबर आठ अक्षरांचे आहे. पुढे पहिल्या नावाचे एक अक्षर लावले की शेवटचा ‘आय’ बाहेर पडतो. देशपांड्यांचे तर ‘डीई’ दोन्ही जात. ज्यांनी ऑफिसात वर्षानुवर्षे ‘एसकुलकर्न’ म्हणून दिवस काढले, ते हे वाचून हसतील.

हे झाले दुसऱ्याने दिलेले नाव. स्वतः निवडलेल्या नावाची गोष्ट चीनमध्ये फार पूर्वी सुरू होते. तिथे सुशिक्षित माणसाला एक नाव पुरत नसे. जन्माचे नाव घरच्या वडीलधाऱ्यांनी वापरायचे. मुलगा विसाव्या वर्षी डोक्यावर टोपी घालून प्रौढ झाला की त्याला दुसरे नाव मिळे, ‘त्झ’, आणि बाहेरचे लोक आदराने तेच वापरत. कन्फ्यूशियसचे जन्मनाव ‘छ्यू’ आणि त्झ ‘चोंगनी’. यातल्या ‘चोंग’चा अर्थ दुसरा मुलगा. मोठ्या माणसाला जन्मनावाने हाक मारणे उद्धटपणाचे, आणि सम्राटाचे नाव तर लिहायचेसुद्धा नाही. कांगशी बादशहाच्या नावातले एक अक्षर बीजिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाज्याच्या नावात होते, म्हणून त्या दरवाज्याचेच नाव बदलले. आपल्याला हे विचित्र वाटायचे कारण नाही. ‘अहो’ म्हणून आयुष्य काढलेल्या आज्या आपण पाहिल्या आहेत. नाव घ्यायची वेळ आली तर त्या उखाण्यात गुंडाळून घेत.

आणि तिसरे नाव ‘हाव’. (आपल्या मराठी हावेशी त्याचा संबंध नाही.) हे ज्याचे त्याने घ्यायचे, हवे तेव्हा बदलायचे, हवी तेवढी घ्यायची. अकराव्या शतकातला ओयांग शिऊ हा मोठा अधिकारी आणि लेखक. पदावरून खाली उतरवून त्याला दूरच्या गावी पाठवले, तेव्हा त्याने स्वतःला ‘मद्यपी म्हातारा’ म्हणवून घेतले. पुढे त्याने नाव घेतले ‘सहा एकांचा गृहस्थ’ : एक दशसहस्र ग्रंथ, एक सहस्र शिलालेखांचे ठसे, एक तंतुवाद्य, एक बुद्धिबळासारखा पट, एक मद्याची सुरई, आणि या सगळ्यांत बसलेला एक म्हातारा तो स्वतः. कवितांमुळे १०७९ साली तुरुंगात गेलेला आणि मग हद्दपार झालेला सू शी हा कवी टेकडीच्या पूर्व उतारावर शेती करून पोट भरू लागला. त्याने नाव घेतले ‘तोंगपो’, म्हणजे पूर्वेचा उतार. जग त्याला आजही सू तोंगपो म्हणूनच ओळखते. शिक्षा भोगण्याची जागाच त्याने नाव करून टाकली.

आता गंमत बघा. आजच्या चिनी भाषेत संगणकावरच्या खात्याला जो शब्द आहे, त्यात हेच ‘हाव’ अक्षर आहे. त्याचा अर्थ क्रमांक असाही होतो, त्यामुळे हे मुद्दाम कुणी ओयांग शिऊला आठवून केले असे मी म्हणणार नाही. पण तिथली तरुण मंडळी जेव्हा आपला ‘हाव’ विचारतात, तेव्हा अक्षर हजार वर्षांपूर्वीचेच असते. सरकारलाही या नावांची धास्ती तशीच जुनी. १ मार्च २०१५ पासून तिथे नियम आला : समोर टोपणनाव चालेल, पण मागे खरे नाव नोंदवलेच पाहिजे.

आपल्याकडे हे काम संतांनी केले. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा म्हणजे त्या रचनेवरची सही. त्यातली एक मला फार आवडते : ‘एका जनार्दनी’. पैठणचे एकनाथ आणि देवगिरीचे त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. ‘जनार्दनी’ ही सप्तमी, म्हणजे जनार्दनाच्या ठायी असलेला एका. रे टॉमलिन्सनने १९७१ साली ई-मेलच्या पत्त्यात माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह ठेवले. एकनाथांनी सोळाव्या शतकात तेच एका प्रत्ययात बसवले होते!

‘हे नाव आधीच घेतलेले आहे’ असे सांगणारे मात्र तेव्हा कुणी नव्हते. नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले. दोघेही ‘नामा’. अभंग एकमेकांच्या गाथेत मिसळले आणि ते निवडताना अभ्यासकांचा जीव मेटाकुटीला आला. ‘तुका म्हणे’ जोडून आपली रचना खपवणारेही पुढे निघाले. दुसऱ्याच्या नावाने खाते चालवणे हा काही आजचा रोग नाही.

सगळ्याच नाममुद्रा इतक्या सुखाच्या नाहीत. चोखामेळ्यांची पत्नी सोयराबाई आपल्या अभंगांत ‘चोखियाची महारी’ अशी सही करते. नवऱ्याचे नाव आणि जात, दोन्ही त्यात आहेत. तिचे स्वतःचे नाव नाही. ज्या जातीमुळे देवळाचा दरवाजा बंद, ती लपवायची सोय तिला नव्हती, म्हणून तिने ती देवासमोरच उघडी ठेवली, असे मला वाटते. आपण पडद्यावर आडनाव गाळून वावरू शकतो. ही सोय किती मोठी आहे, हे ज्यांना आडनावाचा त्रास कधीच झाला नाही त्यांच्या चटकन लक्षात येत नाही.

छापखाना आल्यावर टोपणनावांना पूरच आला. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये आपल्याच समाजाचे वाभाडे काढले, ते ‘लोकहितवादी’ या नावाने. कुसुमाग्रजांचे नाव जन्मतः गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन शिरवाडकर झाले. ही दोन्ही नावे इतरांनी दिलेली. तिसरे त्यांनी स्वतः घेतले, कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून. चोंगनीसारखेच भावंडांतल्या जागेवरून आलेले नाव! आणि माणिक गोडघाटे ‘ग्रेस’ झाले ते इन्ग्रिड बर्गमनच्या ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ (१९५८) या चित्रपटावरून. चित्रपटाची गोष्ट चीनमधली, चित्रीकरण वेल्समधले, नाव इंग्रजी आणि कवी नागपूरचा.

बायकांना मात्र बराच काळ निवड नव्हती. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहायचे, की जुने संपले. कल्याणची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली. १८८३च्या जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली आणि राहिली आपल्याच न्यू जर्सीत, रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी. १८८६ साली फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली आणि पुढल्याच वर्षी गेली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिच्या अस्थी आहेत. दगडावर आनंदीबाई जोशी असे आहे. रोमन ‘जोशी’च्या शेवटी ‘आय’ नसून दोन ‘ई’ आहेत. यमुना कुठेच नाही.

मुलांनो, तुमची बँक कधीतरी तुम्हाला ओळख पटवायला आईचे माहेरचे नाव विचारेल. तेव्हा आजीलाही एक फोन करा. तिचे नुसते आडनाव बदलले होते, की सगळेच नाव, ते तिला विचारा. आणि ते जुने नाव अजून कुणी घेतलेले नसेल, तर बघा.